पिल्लू फाटकाबाहेर पाऊलच टाकत नाही, काय करू?

ओलावा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, कारण दोन रात्री नीट झोप लागलेली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे काजळ आली, कुत्र्याचं पिल्लू. आता १४ आठवड्यांची आहे. त्याआधीचे ११ आठवडे ती आई-भावंडांबरोबर एका बंद खोलीत होती, बाहेरचं जग तिनं पाहिलेलंच नव्हतं. घरात एकदम मजेत असते. चपला पळवते, उशीशी कुस्ती खेळते, हाक मारली की कान उडवत धावत येते. हिला घरात पाहून कुणी भित्री म्हणणार नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, आता थोडं थोडं बाहेर न्या. गळपट्टा बांधला, दोरी लावली, उत्साहात निघालो. मी फाटक उघडायला आणि समोरून ट्रक जायला एकच गाठ पडली. काजळ जमिनीला चिकटली. पोट टेकलेलं, चारी पाय रोवलेले, शेपूट पोटाखाली, आणि सगळं अंग थरथरत होतं. मी खाली बसून चुचकारलं, खाऊ नाकाशी धरला, तर तिनं वाससुद्धा घेतला नाही. शेवटी उचलून आत आणलं. आत आल्या आल्या बैठकीच्या खोलीत शू केली.

काल पुन्हा तेच. आज सकाळी तर मी नुसता पट्टा हातात घेतला आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. ते बघून मला रडूच आलं. घरचे म्हणतात लाडावलीय, ओढून ने, दोन दिवसांत सरळ होईल. मला ओढवत नाही. माझं काय चुकतंय?

निवांत

ओलावा, थोडी माहिती द्या आधी. फाटकाबाहेर लगेच रस्ता आहे की मध्ये मोकळी जागा आहे? किती वाजता नेता? आणि जो खाऊ तिनं बाहेर नाकारला तोच घरात आवडीनं खाते का?

ओलावा

फाटकातून थेट रस्ता, वाहता. आत मात्र छोटं अंगण आहे, तिथे ती आरामात फिरते. नेते साडेआठला, घरातली कामं आटोपल्यावर. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे तुकडे, घरात त्यासाठी माझ्या पायात पायात करते.

पाचवा_पाय

ओलावा, पहिल्यांदा हे सांगते की तुमचं मन बरोबर सांगतंय. ओढू नका.

माझ्याकडे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं राहायला येतात. आजवर वीसेक झाली असतील आणि त्यातली निम्मी तरी काजळसारखीच होती. त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तिनं चिकन नाकारलं ही या सगळ्यातली सर्वांत कामाची खूण आहे. घाबरलेलं जनावर खात नाही. शरीर पळायच्या नाहीतर थिजून राहायच्या तयारीत असतं, तेव्हा भूक बाजूला पडते. म्हणजे खाऊ हा तुमचा तापमापक समजा. घेतला आणि हळुवार चावला, तर ठीक चाललंय. हिसकावून घेतला, बोटाला दात लागले, तर ताण वाढतोय. तोंड फिरवलं, तर आपण तिच्या सोसण्याच्या हद्दीपलीकडे गेलोय आणि तिथे ती काहीही शिकणार नाही. त्या वेळी पिल्लाला समजावत बसायचं नाही, मुकाट्यानं अंतर वाढवायचं.

तुमचं फाटक म्हणजे तिच्यासाठी एका पावलात शांत अंगणातून धडधडत्या रस्त्यावर. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्यांना ४५,००० च्या आसपास. ब्रेकचं चिरकणं, साखळीची करकर, आपल्या कानापर्यंत न पोचणारं कितीतरी तिच्या कानात जातं. आणि ती गाडीकडे खालून बघते, चाकाच्या उंचीवरून. हे एकदा फाटकाजवळ उकिडवं बसून स्वतः करून बघा. मी केलंय, आणि त्या दिवसापासून मी कुठल्याही पिल्लाला हट्टी म्हणालेले नाही.

आता करायचं काय. पुढचा आठवडा फिरायला नेऊच नका. पट्टा घरातच आणा, जमिनीवर ठेवा, त्याच्याभोवती खाऊ टाका आणि बाजूला व्हा. ती आपणहून जवळ आली की पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो गळ्यात घालून लगेच जेवण वाढा, जेवण संपलं की काढा. पट्टा दिसला म्हणजे काहीतरी छान होणार, इतकं तिच्या डोक्यात बसलं की पुढचं.

त्याच आठवड्यात अंगणात, फाटकापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, तिच्याजवळ जमिनीवर बसा. फाटक बंदच. गाडी गेली, आवाज आला की एक तुकडा. आवाज नाही तर खाऊ नाही. क्रम नीट पाळा. आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर खाऊ दिसला की आता काहीतरी वाईट होणार असं ती शिकेल, मग खाऊलाच घाबरेल. पाच मिनिटं झाली की उठा, तिला अजून बसायचं असलं तरी. चार दिवसांनी गाडी गेल्यावर ती रस्त्याकडे न बघता तुमच्या हाताकडे बघेल. त्या दिवशी फाटक वीतभर उघडा.

वेळही बदला. साडेआठ म्हणजे सगळं जग रस्त्यावर. पहाटे फटफटायच्या सुमारास जे दहा मिनिटांत जमेल ते साडेआठला दहा दिवसांत जमणार नाही.

सरळमार्गी

इतकं सगळं कशाला? आमचा पण असाच बसायचा. मी दोरी धरून चालत राहायचो, थोडं घसटत यायचा, पाच-सहा दिवसांत चालायला लागला. कुत्र्याला कळलं पाहिजे की आपण थांबत नाही. उचलून घेतलं तर तो शिकतो की बसलं की उचलतात. जवळ घेऊन भीतीला खतपाणी घालू नका. कुणाचं मन दुखवायचं नाही, अनुभव सांगतोय.

शेपूटवाली

सरळमार्गी, तुमचा राग नाही, पण मी हे केलंय आणि त्याची किंमत अजून मोजतेय, म्हणून लिहिते.

माझा पहिला कुत्रा, चार महिन्यांचा असताना, पुलावर जायला घाबरायचा. मला एक प्रशिक्षक म्हणाले, ओढत न्या, पलीकडे गेला की कळेल काही होत नाही. मी नेलं. तो पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, मान खाली घालून, काही कुरकुर न करता. मला वाटलं जमलं, मी लोकांना अभिमानानं सांगायचे. महिनाभरानं तो पुलाच्या दोनशे पावलं आधीच थांबायला लागला. मग घराचं वळण आलं की थांबायचा. मग दोरी हातात घेतली की गुरगुरायला लागला, माझ्यावर. आयुष्यात ज्यानं मला कधी दात दाखवले नव्हते.

त्या गप्प चालण्याला मी शहाणपण समजले होते. ते हार मानणं होतं. त्याचं कुणी ऐकत नाही हे त्याला कळलं होतं, एवढंच. पुढची दोन वर्षं मी ते सावरत होते आणि पूर्ण सावरलं असं आजही म्हणवत नाही.

ओलावा, तुम्ही ओढलं नाहीत, तुम्ही फार मोठी चूक टाळली आहे.

प्राणीवैद्य

मी जनावरांचा डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण वर दोन-तीन मुद्दे आलेत त्यावर बोलतो.

जवळ घेतल्यानं भीती वाढते, हा समज जुना आणि चुकीचा आहे. बसल्यावर खाऊ दिला तर पिल्लू पुन्हा बसेल, कारण बसणं ही कृती आहे. भीती ही भावना आहे, ती बक्षिसासाठी कुणी करत नाही. तुम्हाला धडकी भरली असताना कुणी पाठीवर हात ठेवला म्हणून पुढच्या वेळी तुम्ही मुद्दाम घाबराल का? पिल्लू तुमच्याकडे आलं, पायाला टेकलं, तर त्याला जरूर आसरा द्या. फक्त आपण अंगावर ओणवं होऊन, डोक्यावर थोपटून, घट्ट धरून ठेवू नये. ते बऱ्याच पिल्लांना आणखी कोंडल्यासारखं वाटतं. बाजूला बसायचं, हात मोकळा ठेवायचा, तिला हवं तर ती येईल.

दुसरं, वय. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून १२ ते १४ आठवड्यांपर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी "ही नेहमीचीच" म्हणून सहज स्वीकारतो. फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्लं माणसांपासून दूर, कुंपणाच्या आत वाढवली होती. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात आठवडाभर माणसांत आणलं. १४ आठवडे माणसांशी संबंधच न आलेली पिल्लं मात्र रानटी जनावरांसारखी वागू लागली. काजळच्या बाबतीत माणसांचा प्रश्न नाही, कारण घरच्या माणसांत ती मजेत असते. तिची ओळख राहिली ती रस्त्याशी. ओलावा, १४ आठवडे झाले म्हणून आता काही होणार नाही असं समजू नका. शिकणं चालूच राहतं, फक्त ते आता आपोआप होणार नाही, तुम्हाला वेळ द्यावा लागेल.

आणि लस. अनेक जण सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवतात आणि नेमका हा काळ निघून जातो. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती खरी आहे, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि लसींची मालिका १६ आठवडे किंवा त्यापुढे संपते. पण अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगितलंय की पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी आणि जंताचं औषध देऊन झाल्यावर पिल्लांना काळजी घेऊन जगाशी ओळख करून द्यायला लागा. म्हणजे अनोळखी कुत्री जिथे शी-शू करतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन जग दाखवायला काहीच हरकत नाही. तुमच्या भागात कुठल्या रोगाची साथ आहे हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असतं, त्यांना विचारून ठरवा.

रातराणी

कडेवर घेऊन हे सोन्यासारखं सांगितलंत! आम्ही आमच्या भूभूला कापडी झोळीत घेऊन महिनाभर नुसतं बाकावर बसायचो. काही करायचं नाही. माणसं, सायकली, छत्र्या, सगळं ती झोळीतून बघायची आणि मग झोळीतच झोपायची. पहिल्यांदा झोपली त्या दिवशी मी अर्धा तास हललेसुद्धा नाही.

ओलावा

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री घरच्यांनाही सगळं वाचून दाखवलं. शेपूटवाली, तुमचा प्रतिसाद ऐकून बाबा काहीच बोलले नाहीत, मग उठून स्वतःच पट्टा बैठकीत नेऊन ठेवला आणि भोवती चिकन टाकलं.

पण आज एक वाईट प्रसंग घडला. फाटक बंद होतं, आम्ही अंगणातच बसलो होतो, आणि शेजारी काहीतरी धाडकन पडलं. काजळ उलटी मागे सरकली, मान खाली घातली, आणि गळपट्टा कानांवरून सुटून माझ्या हातात आला. रिकामा. ती दोन उड्यांत घरात. आज फाटक उघडं असतं तर? माझे हात अजून कापताहेत.

निवांत

बापरे. फाटक बंद होतं हे नशीब.

घाबरलेलं पिल्लू पुढे पळत नाही, आधी मागे सरकतं, आणि गोल गळपट्टा नेमका तसाच निघतो. आजच हार्नेस घ्या, गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा. छातीवर इंग्रजी वाय (Y) अक्षराच्या आकाराचा, म्हणजे पट्टा खांद्याच्या सांध्यावरून आडवा न जाता छातीच्या मधोमध खाली उतरणारा. आडव्या पट्ट्यानं पाय पुढे टाकायला अडतं आणि आधीच अडखळणारं पिल्लू आणखी अडखळतं. शरीर आणि पट्टा यांत दोन बोटं जातील इतका सैल, तीन नाही. पिल्लं भराभर वाढतात, दर आठवड्याला मापून बघा. सुरुवातीला काही महिने मी दोन अंकुश्या वापरतो. एक हार्नेसला, एक गळपट्ट्याला, म्हणजे एक सुटलं तरी दुसरं धरून राहतं. दोरी साधी, दोनेक मीटरची. बटण दाबून लांब-आखूड होणारी अजिबात नको. तिच्यात कायम ताण राहतो, आणि हातातून निसटली तर तो प्लास्टिकचा डबा खडखडत पिल्लाच्या मागे धावतो. घाबरट पिल्लाचं काय होईल विचार करा.

गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला आणि कातडीखाली ओळखीची मायक्रोचिपही. आज सुटली, उद्या सुटू शकते.

मधली_सुट्टी

नवीन प्रश्न विचारला तर चालेल का? आवाजांची रेकॉर्डिंग्ज लावून सवय करता येते असं ऐकलंय. मी एकदा फटाक्यांचा आवाज लावला तर आमचं पिल्लू कपाटामागे गेलं.

पाचवा_पाय

मधली_सुट्टी, आवाज किती मोठा ठेवला होतात? पहिल्या दिवशी तो तुम्हाला जेमतेम ऐकू यावा, इतकाच. पिल्लाचा कान हलला, पण जेवण चालू राहिलं, हे माप. तिथे तीन-चार दिवस थांबायचं, मग आवाजाच्या पट्टीवर एक टिंब वाढवायचं. मागे चालू ठेवून विसरून जायचं नाही, सोबत खाऊ किंवा खेळ हवाच. आणि खरा आवाज जमिनीतून, हवेतून अंगावर येतो, स्पीकरचा येत नाही. म्हणून ही तालीम समजा, प्रयोग नव्हे.

ओलावा, आज आणि उद्या काही करू नका. झोपू द्या, चावायला काहीतरी द्या, घरात टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून शोधायला लावा. मोठी भीती बसली की शरीरातला ताण तासाभरात उतरत नाही, कधी कधी दोन-दोन दिवस लागतात. त्याच्यावर पुन्हा लहान भीती बसली की ती लहान राहत नाही. लोक म्हणतात, काल ट्रकला घाबरली नाही आणि आज सायकलला घाबरली, असं कसं? सकाळपासूनचं सगळं साठत आलेलं असतं.

ओलावा

दहा दिवसांनी लिहितेय. आधी चांगलं सांगते.

हार्नेस आला. चार दिवस त्यावर नुसतं जेवण झालं. पाचव्या दिवशी तिनं आपणहून त्यात डोकं घातलं!! मी तो हातात धरून बसले होते आणि पलीकडे खाऊ होता, तर ती सरळ आरपार.

पहाटे अंगणात बसतो. गाडी गेली की ती आधी रस्त्याकडे बघायची, मग माझ्याकडे. आता आवाज आला की थेट माझ्याकडेच बघते, भुवया उडवल्यासारखं करून. परवापासून फाटक उघडं ठेवून बसतो. काल तिनं फाटकाच्या रेषेवर पुढचा एक पाय ठेवला, वास घेतला आणि मागे आली. मी दोरी सैल सोडली होती, काही बोलले नाही. तिनं पुन्हा जाऊन पुन्हा एक पाय ठेवला. असं सात वेळा, मी मोजलं. आठव्या वेळी दोन्ही पाय.

आता अडचण. माणसं. पिल्लू दिसलं की लोक "अगो बाई किती गोड" म्हणत थेट अंगावर वाकतात. काजळ माझ्या पायांमागे लपते आणि मला नाही म्हणायचा संकोच वाटतो.

शेपूटवाली

संकोच सोडा. तिला तोंड नाही, तिच्या वतीनं तुम्हीच बोलायचं. मी सरळ म्हणते, "ती शिकतेय अजून, लांबून बघा हं." आणि तोपर्यंत तिच्या आणि माणसाच्या मध्ये उभी राहते. अगदीच कुणी आग्रही असेल तर त्यांना बाजूला उभं राहायला सांगा, तिच्याकडे बघू नका म्हणावं. ती आपणहून गेली तर हनुवटीखाली तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढायचा. पुन्हा जवळ आली तर अजून तीन सेकंद. नाही आली तर विषय संपला.

आणि अनोळखी माणसाच्या हातून खाऊ देऊ नका. खाऊच्या ओढीनं पिल्लू जवळ जातं, खाऊ संपतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण कुणाच्या किती जवळ आलोय. खाऊ नेहमी तुमच्याच हातून, माणसापासून लांब.

रातराणी

+१. आणि तिच्या अंगाकडे बघायला शिका. झोप नसताना जांभई, खाणं नसताना जीभ ओठांवरून फिरवणं, एक पाय उचलून धरणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, उगाच जमीन हुंगत राहणं. हे सगळं गुरगुरण्याच्या कितीतरी आधी येतं. अंग पूर्ण झटकलं, ओलं नसताना झटकतात तसं, तर बहुतेक वेळा ताण नुकताच उतरलाय.

प्राणीवैद्य

यात तुमच्या स्वतःच्या अंगाचाही विचार करा. २०१२ मध्ये मिलानच्या संशोधकांनी कुत्र्यांसमोर रिबिनी लावलेला पंखा ठेवला होता, एरवी जरा घाबरवणारा. काही मालकांनी त्याच्याकडे आनंदानं बघितलं, काहींनी घाबरून. कुत्री पंखा आणि मालक यांच्याकडे आळीपाळीनं बघत होती आणि मालकाच्या चेहऱ्या-आवाजावरून आपलं वागणं बदलत होती. ट्रक दिसला की दोरी आखडू नका, श्वास सोडा. तुमचा हात घट्ट झाला की तो निरोप दोरीतून तिच्यापर्यंत पोचतो.

ओलावा

खरंय हो. मी ट्रकचा आवाज आला की आधीच दात आवळते, हे आज लक्षात आलं. आता गुणगुणते. काहीही, सूर नसलेलं.

सरळमार्गी

मी हा धागा रोज वाचतोय, लिहायला धीर होत नव्हता.

माझा आता चार वर्षांचा आहे. वर लिहिलं तसं पाच-सहा दिवसांत चालायला लागला हे खरंच. पण कोपऱ्यावरच्या एका शटरपाशी आलो की तो आजही रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जातो, शेपूट खाली. मला वाटायचं त्याची सवय आहे. शेपूटवालींचं वाचल्यावर आठवलं, लहानपणी मी त्याला तिथूनच ओढत नेलं होतं, आणि एकदा नेमकं ते शटर खाली आदळलं होतं. गेल्या काही महिन्यांपासून वाढलंय. आता इतर कुत्री दिसली तरी बाजूला होतो, पूर्वी होत नव्हता. चार वर्षांच्या कुत्र्याला हे सगळं जमेल का?

प्राणीवैद्य

जमेल. पण आधी त्याला तपासून घ्या, सांधे आणि पाठ खास करून. मोठ्या वयात भीती अचानक वाढली तर दुखणं आहे का हे मी पहिल्यांदा बघतो. २०१८ मध्ये लिंकन विद्यापीठाच्या लोकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यातल्या १० कुत्र्यांना स्नायू-हाडांचं दुखणं होतं, १० जणांना नव्हतं. दुखणं असलेल्यांत भीती बरीच उशिरा सुरू झाली होती, आणि ती इतर कुत्र्यांनाही टाळायला लागली होती. मोठा आवाज झाला की अंग आखडतं, दुखऱ्या जागी कळ येते, आणि ती कळ त्या आवाजाशी, त्या जागेशी जोडली जाते. तुमच्या कुत्र्याचं तेच आहे असं मी म्हणत नाही, पण ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेपूटवाली

सरळमार्गी, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या शटरच्या कडेनं काही दिवस जाऊच नका, दुसरा रस्ता धरा. तपासणी झाली की इथे सांगा, मी आहे.

मधली_सुट्टी

आमच्याकडे आवाजाचं तिसरं टिंब. कान हलतात, जेवण चालू.

ओलावा

पुन्हा मीच. पाच आठवडे झाले. मध्ये एक आठवडा सगळं मुसळ केरात गेल्यासारखं वाटलं. एका मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून अगदी आमच्याशेजारी बार फुटल्यासारखा आवाज झाला आणि काजळ पुन्हा फाटकाच्या आत. मला वाटलं पहिल्यापासून सगळं. पाचवा_पाय यांनी सांगितलं होतं तसं दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी लांबून सुरुवात केली, तर तीन आठवड्यांचं काम चार दिवसांत परत आलं. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट फार कामी आली. शेजारचा एक म्हातारा कुत्रा, अगदी शांत, कशालाच न बिचकणारा. त्याच्या मालकांना विचारून आम्ही दोघे त्याच्या मागे मागे, दहा पावलं अंतर ठेवून चालतो. तो खांब हुंगतो, मग ती तोच खांब हुंगते. तो गाडीकडे बघत नाही, म्हणून तीही थोडं कमी बघते. मी तिला हवं तितका वेळ हुंगू देते. पूर्वी मला वाटायचं चालणं म्हणजे अंतर कापणं. काल पाऊण तासात आम्ही चार घरं गेलो, आणि घरी येऊन ती अशी झोपली की जणू डोंगर चढून आली.

पाचवा_पाय

वाचून डोळे भरून आले हो.

एक सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा घाबरणार नाही. सहा महिन्यांनंतर, वर्ष-सव्वा वर्षापर्यंत कधीतरी, वयात येताना बऱ्याच पिल्लांना पुन्हा एक भित्रा काळ येतो. रोजचा कचऱ्याचा डबा अचानक राक्षस वाटायला लागतो. तेव्हा काही नवीन शिकवायला जाऊ नका, अंतर वाढवा, खाऊ वाढवा, थांबा. जातो तो.

आणि समजा तीन-चार महिने असं सगळं करूनही ती बाहेर खात नसेल, घरात आल्यावरही तासन्‌तास सावरत नसेल, तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. काही पिल्लांना औषधाची जोड लागते. त्यात कमीपणा काही नाही. काजळला लागेल असं मात्र मला वाटत नाही.

सरळमार्गी

तपासणी झाली. मागच्या उजव्या खुब्यात दुखणं निघालं. औषध चालू केलंय. वर्षभर तो मला सांगत होता.

आज शटरच्या रस्त्याला गेलो नाही. दुसऱ्या बाजूनं गेलो, त्याला हवं तिथे थांबलो.

ओलावा

सरळमार्गी, तुम्ही नेलंत, बघितलंत, त्याचं दुखणं सापडलं. लवकर बरा होऊ दे तो. इथे कळवत राहा.

आमचं आज सकाळचं सांगते. फाटक मी उघडलं आणि दोरी हातात घेऊन नुसती उभी राहिले, बोलावलं नाही. काजळ रेषेवर थांबली, दोन्ही बाजूंना नाक फिरवलं, आणि बाहेर आली. डावीकडे वळली, तीच. माझ्या पुढे. दोरी सैल, शेपूट पाठीच्या रेषेत, टोकाशी जरा हलणारी. खांबापाशी गेली, म्हाताऱ्यानं हुंगलेली जागा शोधून काढली, तिथे नाक घालून बसली.

तेवढ्यात तो ट्रक आला. तोच असेल असं नाही, पण तसाच, खडखडणारा. मी श्वास सोडला. तिनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग माझ्याकडे वळून बसली, तोंड उघडून, खाऊ कुठाय म्हणून.

चिकन दिलं. हळुवार घेतलं, बोटाला दात लागले नाहीत. मग पुन्हा नाक खांबाशी.